लॅपटॉपला शाल

परिषदेचं नाव ठरवायला पाच टीमना तीन आठवडे लागले. परिषद दोन दिवसांची होती.

पाच शहरांतल्या पाच कॉलेजांच्या विद्यार्थ्यांनी मिळून सिंथेटिक बायोलॉजीवर ऑनलाइन परिषद भरवायची, अशी ती थोर कल्पना. पुण्याची टीम पाच शहरं मोजताना बीडपाशी किंचित अडखळायची, पण मोजायची. आम्ही त्यांना हवेच होतो. त्यांच्या अर्जात ‘ग्रामीण सहभाग’ असा एक रकाना होता आणि तो आमच्याशिवाय रिकामा राहत होता. आमच्या कॉलेजला पुणेकर कशाला हवे होते, तर वर्तमानपत्रात बातमी द्यायला. अशा रीतीने विज्ञानाची सेवा सुरू झाली.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. मूळचा दिंद्रुडचा, वडिलांचं खतांचं दुकान, बीडमध्ये खोली करून राहिलेला. मला सगळ्या जगाबद्दल तुच्छता होती आणि ती मला फार शोभते असा माझा समज होता. दर शनिवारी दुपारी या पाच टीमची ऑनलाइन बैठक व्हायची. पहिला अर्धा तास एकमेकांना ऐकू येतंय का हे विचारण्यात जायचा आणि पुढचा तास बोधचिन्हातली डीएनएची शिडी डावीकडे वळवायची की उजवीकडे, यात. पुण्याची मुख्य समन्वयक मुलगी प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘राइट?’ म्हणायची आणि उत्तराची वाट न पाहता पुढं जायची. एकदा तिनं फार काळजीनं विचारलं, ‘बीड टीम, तुमच्याकडे लाइट वगैरे असते ना?’

मी म्हणालो, ‘असते. नसली तर आम्ही पाहुण्यांना कंदील दाखवू.’

‘सो स्वीट,’ ती म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. मी माईक बंद करून खूप हसलो. चेहरा सरळ ठेवून टोमणा मारायचा आणि समोरच्याला तो कळला नाही की मनातल्या मनात टाळी घ्यायची, ही माझी त्या काळातली मुख्य करमणूक होती. अभ्यासाचं मला तितकं आठवत नाही.

आमच्या टीममध्ये कागदावर सहाजण होते. चौघं प्रमाणपत्रासाठी आले होते आणि ते त्यांनी पहिल्याच दिवशी प्रामाणिकपणे सांगितलं होतं. पाचवा मी, मला इंग्रजी बरं यायचं म्हणून बैठका आणि सूत्रसंचालन माझ्याकडे. काम करणारी एकटी ती.

ती नांदूरघाटच्या अलीकडच्या एका वस्तीवरची. घरचा धंदा शेळ्यामेंढ्या राखण्याचा. ती बारावीत असताना एका दुपारी तिच्या वडिलांच्या सात शेळ्या गेल्या. रस्त्याकडेच्या एका शेतात हौद होता, उन्हाची वेळ, शेळ्या प्याल्या. शेतमालकानं त्या हौदात ठिबकला सोडायला युरिया कालवून ठेवला होता. पोट फुगून, तोंडाला फेस येऊन तासाभरात सातही शेळ्या आडव्या झाल्या. शेतमालक म्हणाला, मी काय बोलावलंतं का तुमच्या शेळ्यांना. त्यावर कुणीच काही केलं नाही. तिनं मात्र एक गोष्ट डोक्यात धरून ठेवली होती.

‘पाण्यातला युरिया दिसत न्हाई, वास येत न्हाई,’ ती मला पहिल्यांदा सांगत होती तेव्हा म्हणाली. ‘शेळीला कळत न्हाई आन राखणाऱ्यालाबी कळत न्हाई. कळाया पायजे. बाकी काय न्हाई.’

सिंथेटिक बायोलॉजीचा अर्थ लावताना पुणेकर चाळीस स्लाइड दाखवायचे. तिनं तो तिच्या शेळ्यांपुरता लावून घेतला होता. निसर्गात एक जीवाणू असा आहे की त्याला युरिया ओळखता येतो. त्याच्या अंगातला ओळखणारा जनुक घ्यायचा, दुसरीकडून जांभळा रंग तयार करणारा जनुक घ्यायचा, दोन्ही जोडून एका निरुपद्रवी जीवाणूत घालायचे. युरिया आला की तो जांभळा पडणार. कुठला तुकडा कुठं जोडायचा ते तिनं कॉलेजच्या संगणकावर बसून, फुकट मिळणारी माहिती वाचून, कागदावर पूर्ण मांडलं होतं. ते करून पाहायला मात्र आमच्याकडे काहीच नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये स्टाफच्या चहाचं दूध असायचं.

म्हणून तिनं हाताशी होतं त्यातून अर्धा रस्ता चालून दाखवला. तूर भिजवून वाटायची, गाळून पाणी घ्यायचं. तुरीत असा एक पदार्थ असतो की तो युरिया फोडतो आणि त्यातून अमोनिया निघतो. त्यात हळद घातली की पिवळ्याचा लाल रंग होतो. युरिया नसेल तर हळद पिवळीच राहते. युरिया मी दुकानातून आणून दिला, तेवढंच माझं योगदान. बाकी विहिरीचं, बोअरचं, नदीचं, हौदाचं पाणी आणून, स्टीलच्या वाट्या मांडून तिनं महिनाभर रंगाच्या वेळा लिहिल्या. तिच्या वहीत एकही ओळ सुशोभित नव्हती. मला ती वही पाहून पुणेकरांच्या स्लाइडची कीव यायची, आणि स्वतःची यायला हवी होती ती यायची नाही.

परिषदेत प्रत्येक टीमकडे एकेका सत्राचं यजमानपद होतं. आमचं सत्र पहिल्या दिवशी अकरा ते बारा. त्यात दहा मिनिटं उद्घाटन, मग तिचं बारा मिनिटांचं भाषण, मग प्रश्न, आणि शेवटी पाहुण्या शास्त्रज्ञ बाईंचं व्याख्यान. या बाई बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेच्या प्रमुख. परिषदेत जे विद्यार्थी बोलतील त्यांतल्या दोघांना त्या सहा महिन्यांसाठी आपल्या प्रयोगशाळेत बोलावणार होत्या. अट एकच. मुलानं त्यांच्यासमोर थेट बोलायचं आणि त्यांच्या प्रश्नांना तिथल्या तिथं उत्तरं द्यायची. आधी चित्रित केलेलं चालणार नाही. पाठ केलेलं आणि समजलेलं यांतला फरक त्यांना पाहायचा होता, असं त्यांनी कळवलं होतं. त्या सगळ्या गोंधळात शहाणपणाचं असं तेवढं एकच पत्र आलं.

तिला ते सहा महिने हवे होते. तिनं ते कधी लपवलं नाही. तिथं सगळं सामान होतं, कागदावरचा जीवाणू खरोखर करून पाहता आला असता. वडिलांना तिनं विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, ‘बोलावणं आलं तर जा, म्या आडवा येत न्हाई. न्हाई आलं तर बीएड कर आन मोकळी हो.’ ती बारा मिनिटांची तयारी करत होती ती अशी.

परिषदेच्या आठवडाभर आधी प्राचार्यांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. प्राचार्यांचा विषय रसायनशास्त्र होता असं म्हणतात. मी तरी त्यांना सत्काराखेरीज दुसऱ्या विषयावर बोलताना ऐकलेलं नाही. त्यांच्यापुढं यादी होती. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, संस्थेच्या उपाध्यक्षांचा सत्कार, उपाध्यक्षांच्या हस्ते इतरांचे सत्कार, उपाध्यक्षांचं मनोगत.

‘सर, हे दहा मिनिटांत बसायचं न्हाई,’ ती म्हणाली.

‘बसवू,’ प्राचार्य म्हणाले.

‘सर, परिषद ऑनलाइन आहे,’ मी म्हणालो.

‘परिषद ऑनलाइन असू द्या. सत्कार ऑफलाइन करू.’

मग खरा पेच निघाला. प्रमुख पाहुण्या बेंगळुरूमध्ये. पाहुण्यांचा सत्कार केल्याशिवाय त्यांना बोलायला लावायचं म्हणजे आमच्याकडे घोर अपमान. बाईंना तो जाणवला नसता, पण आमच्या उपाध्यक्षांना जाणवला असता. प्राचार्यांनी तोडगा काढला होता की शाल आणि नारळ पोस्टानं पाठवायचा आणि कार्यक्रमात तशी घोषणा करायची. साधी, निरुपद्रवी गोष्ट. एका वाक्यात संपली असती. पण हेडक्लार्क म्हणाले, ‘सर, मग फोटोचं काय? फोटोशिवाय सत्कार झाला कसा म्हणायचा?’

दोन पोक्त माणसं या प्रश्नावर खरोखर विचार करत बसली होती. मला ते दृश्य असह्य झालं आणि मी माझा नेहमीचा सरळ चेहरा करून म्हणालो, ‘सर, लॅपटॉपलाच घालू की शाल. बाई स्क्रीनवर असतीलच.’

मी मनातली टाळी घेण्याच्या तयारीत होतो. प्राचार्य खुर्चीतून पुढं झुकले.

‘व्वा,’ ते म्हणाले. ‘याला म्हणतात नवी पिढी. लिहून घ्या हो.’

हेडक्लार्कनी लिहून घेतलं. मी काही बोललो नाही. का बोललो नाही हे मी नंतर स्वतःला अनेक प्रकारे समजावलं, की सरांचा अपमान झाला असता, की कुणी ऐकलं नसतं. खरं कारण मला तेव्हाही ठाऊक होतं. मला तो फोटो पाहायचा होता. लॅपटॉपला शाल पांघरणारा प्राचार्य, हे मी पुढं आयुष्यभर लोकांना सांगून हसवणार होतो.

बाहेर जिन्यात तिनं मला थांबवलं. ‘जा, सांग त्यांना मजाक व्हती म्हणून.’

‘राहू दे गं. लई मजा येईल. फोटो बघ तरी कसा येतो.’

‘माझं बोलणं त्याच्या मागून हाय.’

‘दोन मिनिटांची तर शाल आहे,’ मी म्हणालो. ती वही छातीशी धरून खाली उतरून गेली.

परिषदेच्या दिवशी सभागृहात व्यासपीठावर सहा खुर्च्या होत्या. मधल्या, म्हणजे प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीत कॉलेजचा लॅपटॉप बसवला होता. तो ठेंगणा वाटू नये म्हणून खाली कार्यालयातले जाडजूड रजिस्टरं लावली होती. मागं फलक, त्यावर ‘आंतरराष्ट्रीय’. नेपाळहून एका विद्यार्थ्यानं नाव नोंदवलं होतं एवढ्यावर ते भागवलं. समोर वर्गावर्गांतून हाकून आणलेली पोरं. परिषद पाहायची तर स्वतःच्या मोबाइलवर पाहता आली असती, पण टाळ्या वाजवायला माणसं लागतात. ती व्यासपीठाच्या बाजूला एका बाकावर वाट्या, तुरीचं पाणी आणि हळद मांडून उभी होती. तिनं ठरवलं होतं, बोलता बोलता कॅमेऱ्यासमोर रंग बदलून दाखवायचा.

उपाध्यक्ष पाच मिनिटं उशिरा आले. जमीनदार घराणं, दोनदा जिल्हा परिषद, सभेत बसल्या बसल्या झोप काढण्याची आणि नाव पुकारताच जागं होण्याची पिढीजात सवय. दिवा लागला. वाऱ्यानं विझला. पुन्हा लागला. स्वागतगीत झालं. स्क्रीनवर पुण्याच्या मुलीनं लिहिलं, ‘बीड टीम, वेळ पाळा, राइट?’ उपाध्यक्ष मनोगताला उभे राहिले.

‘आमी काय शास्त्रज्ञ न्हाई,’ ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. ‘पर जीवाणू आमी बी लई पाहिलेत.’ पुन्हा टाळ्या. कुठं पाहिले ते त्यांनी सांगितलं नाही. तिथून ते रस्त्यावर आले, रस्त्यावरून पाण्याच्या योजनेवर, तिथून विरोधकांवर. तिची दहा मिनिटं गेली होती. माझ्या हातात माईक असला तरी उपाध्यक्षांना थांबवायचं म्हणजे आमच्याकडे जिभेला हाड नसून भागत नाही, पाठीला मात्र असावं लागतं. मग मी चिठ्ठी लिहिली. ‘साहेब, कृपया आवरतं घ्यावं, मुलीचं सादरीकरण आहे, पाहुण्यांना बाराला जायचं आहे.’ व्यासपीठावर जाऊन नम्रपणे हातात दिली.

त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलंसुद्धा नाही. तीस वर्षं व्यासपीठावर उभ्या माणसाला चिठ्ठी कशासाठी देतात हे त्यांना पाठ होतं. कुणाची बदली, कुणाचं बोअर, कुणाच्या पोराची नोकरी. त्यांनी ती दुमडून सदऱ्याच्या वरच्या खिशात सरकवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माईकपासून तोंड बाजूला घेऊन हळू म्हणाले, ‘होऊन जाईल काम.’ मग पुन्हा रस्त्यावर आले.

मी खाली येऊन तिच्याकडे पाहिलं. तिला सगळं दिसलं होतं. खरं सांगतो, त्या क्षणीही मला आत कुठंतरी हसू येत होतं.

सव्वाअकरा, साडेअकरा. उपाध्यक्ष बसले. स्क्रीनवरच्या बाई तोवर कमालीच्या शांतपणे बसून होत्या. मी घाईघाईनं तिचं नाव पुकारायला तोंड उघडलं, तेवढ्यात प्राचार्यांनी माझ्या हातातला माईक घेतला. ‘आता एक अभिनव क्षण,’ ते म्हणाले.

शाल गुलाबी होती, सोनेरी काठाची. प्राचार्यांनी ती लॅपटॉपच्या मागून आणली आणि दोन्ही टोकं स्क्रीनच्या खांद्यांवरून पुढं सोडली. खांदे नसल्यामुळे ती घसरली. हेडक्लार्क धावले, त्यांनी वरून धरली. फोटोवाला म्हणाला, ‘सर, इकडं बघा.’ सगळ्यांनी इकडं पाहिलं. मग हार आला. चांगला मनगटाएवढा झेंडूचा हार. तो शालीवरून स्क्रीनला घातला. कॅमेरा झाकला गेला, आणि गुलाबी कापडाखालून बेंगळुरूच्या बाईंचा आवाज आला, ‘हॅलो? मला काही दिसत नाहीये. सगळं ठीक आहे ना?’

सभागृहानं टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांनी दोन्ही हातांनी नारळ पुढं केला आणि घ्यायला कुणी हात नाही म्हणून कळफलकावर ठेवला. ‘सर, अजून एक,’ फोटोवाला म्हणाला. प्राचार्यांनी आदरानं पुन्हा शाल नीट केली, त्या वजनानं स्क्रीन पुढं कलली, नारळ घरंगळून खाली गेला आणि लॅपटॉप मिटला. प्रमुख पाहुण्या शालीत गुंडाळून त्यांच्या खुर्चीत शांत झाल्या.

मी धावत जाऊन सगळं उपसलं आणि लॅपटॉप उघडला. निळी स्क्रीन आली. अपडेट सुरू आहे, यंत्र बंद करू नये. कॉलेजनं तो लॅपटॉप वर्षभरात कुणालाच वापरू दिला नव्हता, म्हणून त्याच्याकडे वर्षभराचं काम तुंबलं होतं.

ती थांबली नाही. तिच्याकडे घरचा, म्हणजे वडिलांचा मोबाइल होता. तिनं वाटी उचलली, खिडकीपाशी गेली, जिथं रेंज येते, आणि परिषदेत शिरायचा प्रयत्न केला. पण अनोळखी नावाच्या माणसाला आत घ्यायचं नाही, प्रतीक्षेत ठेवायचं, असा नियम आम्ही पाचही टीमनी मिळून केला होता. आदल्या महिन्यातल्या बैठकीत कुणीतरी शिरून अचकटविचकट गाणी लावली होती. तिच्या वडिलांच्या मोबाइलवर नाव होतं ‘भाऊ’. पुण्याच्या बाजूला बसलेल्यांना कुणी एक भाऊ दारात उभा दिसत होता. माझा फोन साधा, बटणांचा; त्यावरून मी पुण्याच्या मुलीला फोन लावत राहिलो. तिचा फोन आवाज बंद करून ठेवलेला, कारण तिथं शिस्त होती.

बावीस मिनिटं ती खिडकीशी मोबाइल धरून उभी राहिली. मी तिच्या शेजारी होतो. मागं व्यासपीठावर आभारप्रदर्शन चालू झालं होतं. लॅपटॉप बंद असला तरी आभार मानायचे राहून चालत नाही.

तिला आत घेतलं तेव्हा बाराला पाच कमी होते. पुण्याच्या मुलीनं तांत्रिक अडचणीबद्दल खेद व्यक्त करून बाईंचं व्याख्यान आधीच उरकून घेतलं होतं. बाई निघून गेल्या होत्या. ‘बीड टीमकडून एक मिनिट, राइट?’ पुण्याची मुलगी म्हणाली. खिडकीशी उभ्या तिनं त्या एका मिनिटात वाटीत हळद घातली, रंग बदलू लागला, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळाची घंटी वाजली. अर्धवट नारिंगी झालेली वाटी स्क्रीनवरून गेली आणि तिथं पुढच्या टीमचं बोधचिन्ह आलं.

‘ग्रेट एनर्जी,’ कुणीतरी लिहिलं.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी होती. फोटोत हार घातलेला लॅपटॉप, प्राचार्य, उपाध्यक्ष, हेडक्लार्क आणि माईक धरलेला मी. फोटो मला हवा होता तसाच आला होता. त्यात ती नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळी ती गावी निघाली तेव्हा मी उगाच तिच्याबरोबर मांजरसुंब्यापर्यंत गेलो. तिथं तिला पुढची जीप मिळायची. ढाब्याच्या कडेला आम्ही चहा घेतला. मी प्राचार्यांना शिव्या घातल्या, उपाध्यक्षांना घातल्या, पुणेकरांना घातल्या. मला या कामात उत्साह कमी पडत नाही. नियमांच्या गुलाम कारट्या, नाकानं कांदे सोलणारी जमात, व्यासपीठाला चिकटलेल्या गोचड्या. तिनं सगळं ऐकून घेतलं.

‘झालं?’ ती म्हणाली.

‘काय झालं?’

‘त्यांनी पोस्टानं पाठवायचं म्हणलं व्हतं. आठव की.’ तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. ‘ते येडे असतील. पर त्यांना येडं करणारा तू व्हतास. तुला गंमत बघायची व्हती आन मला बोलायचं व्हतं. बघितलीस ना गंमत?’

मी म्हणालो की मी बाईंना सविस्तर मेल करतो, सगळं समजावतो. तेवढ्यात जीप आली. ती पुढच्या बाजूला दोन बायांच्या मध्ये बसली.

मी मेल केला. बाईंचं उत्तर सभ्य होतं. त्यांना वाईट वाटलं, पण ज्यांचं ऐकलंच नाही त्यांना निवडता येणार नाही, इतरांवर अन्याय होईल. मला त्यात खोट काढता आली नाही. महिन्याभरानं यादी आली, दोन नावं, दोन्ही मोठ्या शहरांतली. आम्हा सहाजणांना ‘यशस्वी आयोजनाबद्दल’ प्रमाणपत्रं आली. तिनं तिचं न्यायला कार्यालयात पाय ठेवला नाही. तिनं बीएडला नाव घातलं.

मी पुण्याला एम.एस्सी.च्या मुलाखतीला गेलो. अर्जात मी ‘आंतरराष्ट्रीय परिषदेचा संयोजक’ असं लिहिलं होतं. ज्या शब्दावर मी सगळ्यात जास्त हसलो होतो तो मी स्वतःच्या नावापुढं लावला. समोर तीन प्राध्यापक होते. त्यांनी परिषदेबद्दल विचारलं. शालीची गोष्ट मी गाळली. मी त्यांना हौदाबद्दल, तुरीबद्दल, हळदीबद्दल, जांभळ्या जीवाणूबद्दल सांगितलं. ते टेबलावर पुढं झुकून ऐकू लागले. वर्षभरात माझं बोलणं इतक्या लक्षपूर्वक कुणी ऐकलं नव्हतं.

‘कल्पना कोणाची?’ मधल्या प्राध्यापक बाईंनी विचारलं.

‘आमच्या टीमची,’ मी म्हणालो.

हे वाक्य खोटं नव्हतं, म्हणून तर ते इतकं सहज निघालं. मी जन्मभर ज्यांना हसलो त्या सगळ्यांपेक्षा, उपाध्यक्षांपेक्षाही, मी त्या खुर्चीत हलक्या दर्जाचा होतो. निदान उपाध्यक्षांना आपण कुणाचं काय घेतोय हे माहीत नव्हतं.

मला प्रवेश मिळाला. चार दिवस मी तिला फोन करायचं टाळलं. मग केला, कारण तिला दुसऱ्याकडून कळलं असतं. शेळ्यांचे आवाज येत होते. ती रानात होती.

‘चांगलं झालं,’ ती म्हणाली. ‘काय काय इचारलं?’

मी सांगितलं. सगळं सांगितलं, ‘आमच्या टीमची’ हेसुद्धा. एका शेळीला तिनं हाकललं.

‘आजून काय इचारलं?’

‘एकच अडचणीचं होतं. हौदाचं पाणी शेवाळलेलं, गढूळ असतं, त्यात हळदीचा लाल रंग ओळखायचा कसा, म्हणाले. मी सांगितलं, हळद वाढवायची.’

‘चूक सांगितलंस,’ ती लगेच म्हणाली. ‘त्या मिनिटात आपलं पाणी निवळ व्हतं म्हणून वाटीत घातली. खरं म्हणजे हळद पाण्यात टाकायचीच न्हाई. कागदाला हळद लावून वाळवायची. वाटीत तुरीचं आन हौदाचं पाणी घ्यायचं, कागद ओला करून वरनं झाकायचा, पाण्याला लागू द्यायचा न्हाई. अमोनिया वर येतो न् कागद लाल व्हतो. पाणी कितीबी घाण आसू दे. म्या करून बघितलंय, वहीत हाय. बेंगळुरूच्या बाई हेच इचारणार, म्हणून तयार ठिवलं व्हतं.’

‘ध्यानात आलं का? परत कोणी इचारलं तर असं सांग,’ ती म्हणाली आणि फोन ठेवला.